इंटरमिटंट फास्टिंग: किती तास उपाशी राहायचं हे नंतर, खाणं कधी थांबवायचं ते आधी

इंटरमिटंट फास्टिंग म्हणजे ठरावीक वेळ उपाशी राहून उरलेल्या वेळेतच खाणं. ते करणाऱ्याला काहीही विचारलं की उत्तर आकड्यांत येतं. माझं १६:८ (सोळा तास उपवास, आठ तासांत खाणं) चालू आहे, मी १८:६ वर गेलोय, ५:२ मला जमलं नाही. नव्याने सुरू करणाऱ्यालाही पहिला प्रश्न हाच पडतो की यातलं कोणतं धरू? माझ्या मते हा प्रश्न बराच नंतरचा आहे. दिवसातल्या कोणत्या वेळी तुम्ही भूक नसताना खाता, हे आधी शोधायला हवं. ती वेळ उपवासाच्या तासांत गेली तर वजन उतरायला लागतं. ती खाण्याच्या तासांत राहिली, तर सकाळचं खाणं सोडून सोळा तास भरले तरी काटा जागचा हलत नाही.

माझी ती वेळ रात्रीची होती. जेवण झालेलं असायचं, पोट भरलेलं असायचं, आणि तरी झोपेपर्यंत काही ना काही तोंडात टाकणं चालू असायचं. दिवसभर मोजूनमापून खाल्लेलं त्या दोन तासांत वाया जायचं. कॅलरी मोजून मी ते थांबवू शकले नाही, कारण त्या वेळी मोजायची इच्छाच उरलेली नसते. 'आता स्वयंपाकघर बंद' हा एकच नियम मात्र थकलेल्या डोक्यालाही पाळता येतो. माझ्या अनुभवात या पद्धतीचा सगळा फायदा इथेच आहे.

हे काम कसं करतं

आपण खाल्लं की इन्सुलिन वाढतं आणि शरीर साठवणीच्या कामाला लागतं. खाणं थांबल्यावर काही तासांनी इन्सुलिन खाली येतं आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, वापरात येतं. हा साठा साधारण १०० ग्रॅमच्या आसपास असतो. तो उतरत जातो तशी चरबीतून मिळणारी ऊर्जा वाढत जाते. बारा तासांच्या पुढे रक्तात कीटोन, म्हणजे चरबी मोडून तयार होणारं इंधन, थोडे थोडे दिसू लागतात. इथपर्यंत सगळं खरं आहे. पण यावरून 'सोळाव्या तासाला चरबी जळायचं बटण चालू होतं' असं जे सांगितलं जातं, ते सोडून द्या. शरीर चोवीस तास चरबी साठवतही असतं आणि वापरतही असतं. दिवसाअखेरीस काय उरलं, हे एकूण किती खाल्लं यावरच ठरतं.

हे माझं एकटीचं मत नाही. २०२० साली अमेरिकेत ११६ जणांवर १२ आठवड्यांचा एक प्रयोग झाला. एका गटाने दुपारी १२ ते रात्री ८ एवढ्याच वेळात खायचं, दुसऱ्याने रोजच्यासारखं तीन वेळा. काय खायचं आणि किती, यावर बंधन नव्हतं. पहिल्या गटाचं वजन सरासरी ०.९४ किलोने उतरलं, दुसऱ्याचं ०.६८ किलोने. म्हणजे फरक नगण्य. २०२२ मध्ये चीनमधल्या ग्वांगझू इथे १३९ जणांना वर्षभर ठरावीक कमी कॅलरी दिल्या, आणि त्यातल्या निम्म्यांना ते सगळं सकाळी ८ ते दुपारी ४ मध्येच खायला सांगितलं. वेळेचं बंधन असलेल्यांचं वजन ८ किलोने उतरलं, नसलेल्यांचं ६.३ किलोने, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकण्याएवढा नव्हता.

हे वाचून काहीजण म्हणतात, मग फास्टिंगचा उपयोगच काय? मी उलट वाचते. कॅलरी मोजून जे होतं तेच न मोजता होत असेल, तर न मोजणारी पद्धत माझ्यासारख्या आळशी माणसासाठी चांगली. अट एकच: घड्याळामुळे खाणं खरोखर कमी व्हायला हवं. आठ तासांत दहा तासांचं खाणं कोंबलं तर ते होत नाही.

ऑटोफॅजीबद्दलही दोन शब्द, कारण त्या नावाने लोक उपवास ताणत बसतात. पेशी स्वतःचे जुने, निकामी भाग मोडून पुन्हा वापरतात, ती ही क्रिया. जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना तिच्या अभ्यासासाठी २०१६ चं नोबेल मिळालं, आणि त्यांचं पायाभूत काम यीस्टवर झालेलं आहे. माणसाच्या शरीरात अमुक तासाला ती सुरू होते असं सांगणारं घड्याळ कुणाकडे नाही. वजनाशी तर तिचा थेट संबंधच नाही. उपवासाच्या अ‍ॅपमध्ये ऑटोफॅजीचा टप्पा रंगीत दिसतो म्हणून अजून दोन तास उपाशी राहू नका.

आधी हे तपासा, मगच पुढे जा

हा भाग वरवर वाचू नका. मधुमेहासाठी इन्सुलिन घेत असाल, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या चालू असतील, तर उपाशी पोटी साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. ७० च्या खाली साखर म्हणजे ताबडतोब काहीतरी गोड घ्यायची वेळ. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्यांचा धोका वेगळा आहे: दीर्घ उपवासात साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तातलं आम्ल वाढून अवस्था गंभीर होऊ शकते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर वजन उतरताना आणि पाणी कमी पडलं तर दाब जास्त खाली जातो. या सगळ्यांनी डॉक्टरांशी बोलून, डोस ठरवून घेऊनच सुरू करावं. 'दोन दिवस करून बघते, मग विचारते' हा क्रम इथे चालत नाही.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, अठराच्या खालची मुलं, मुळातच वजन कमी असलेले लोक, यांनी हे करू नये. आणि ज्यांना कधीकाळी खाण्याशी संबंधित आजार झाला आहे, म्हणजे उपाशी राहणं, भसाभस खाणं, खाऊन ओकून टाकणं यातलं काही, त्यांनी तर मुळीच नाही. उपवासाचे नियम या आजाराला सोयीचं निमित्त देतात, आणि घरच्यांनाही कळत नाही की हे डाएट आहे की जुना आजार परतलाय.

जेवणानंतर घ्यायच्या गोळ्यांचं वेळापत्रकही बघा. वेदनाशामक गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्या तर जठराला त्रास होतो. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर घेतात. थायरॉईडची गोळी तशीही रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यायची असल्याने तिची अडचण येत नाही.

पहिला आठवडा: काही बदलू नका, फक्त लिहा

एक छोटी वही किंवा फोनमधली नोट घ्या. जे तोंडात जाईल त्याची वेळ लिहा. चहा-कॉफी, मुलांच्या ताटातलं उरलेलं, स्वयंपाक करताना घेतलेली चव, ऑफिसात कुणीतरी पुढे केलेलं बिस्किट, सगळं. कॅलरी लिहायच्या नाहीत. वेळेच्या पुढे एक खूण करा: भूक होती की नव्हती.

लोक हे टाळतात, आणि मला ते समजतं. सोमवारी उत्साहात असताना आठवडाभर नुसतं लिहीत बसायचं कुणाला आवडेल? पण या वहीतून जे दिसतं ते डोक्यात असलेल्या चित्रापेक्षा फार वेगळं असतं. मला विचारलं असतं तर मी 'तीन वेळा खाते' असं छातीठोक सांगितलं असतं. कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये सच्चिदानंद पांडा यांच्या गटाने २०१५ मध्ये दीडशेहून जास्त लोकांच्या खाण्याच्या नोंदी फोनवरून घेतल्या. त्यातल्या निम्म्या लोकांचं खाणं दिवसातल्या पावणेपंधरा तासांहून जास्त वेळावर पसरलेलं निघालं. दुपारी बाराच्या आधी एकूण कॅलरींपैकी पाव हिस्सासुद्धा जात नव्हता, आणि संध्याकाळी सहानंतर एक तृतीयांशाहून जास्त जात होत्या. म्हणजे सकाळी खाणं कमी, संध्याकाळनंतर जास्त, आणि आपण सोडतो मात्र सकाळचं.

आठवड्याने वही उघडा आणि 'भूक नव्हती'च्या खुणा कुठे दाटल्यात ते बघा. बहुतेकांना एकच जागा सापडते. रात्री जेवणानंतर, किंवा कामावरून परतल्यावर स्वयंपाक होईपर्यंतचा तास. काहींची ती सकाळी असते: भूक नसते, पण 'नाश्ता केलाच पाहिजे' म्हणून पोटात ढकलायचं. अशांनी सकाळ खुशाल सोडावी.

विंडो ठरवताना

खाण्याच्या तासांना सगळे विंडोच म्हणतात, मीही तेच म्हणते. ती ठरवताना आधी बंद होण्याची वेळ पक्की करा, उघडण्याची नंतर. बंद होण्याची वेळ तुमच्या त्या कमकुवत तासाच्या अलीकडे यायला हवी. झोपायच्या निदान तीन तास आधी खाणं संपलं तर उत्तम. आंबट ढेकर आणि छातीतली जळजळ यात नुसत्या या एका बदलाने मला फरक पडला.

लवकर जेवण्याच्या बाजूने थोडा पुरावाही आहे. २०१८ मध्ये अलाबामात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या पुरुषांच्या एका लहानशा गटाला पाच आठवडे सहा तासांच्या विंडोत, दुपारी तीनच्या आत शेवटचं जेवण देऊन ठेवलं. वजन उतरू दिलं नाही, तरी इन्सुलिनची कामगिरी आणि रक्तदाब सुधारले. गट अगदीच छोटा होता, आणि दुपारी तीनला रात्रीचं जेवण उरकणं नोकरी-संसार असलेल्या माणसाला शक्य नाही. पण दिशा घेता येते. ११ ते ७ आणि २ ते १० यांत निवड असेल, तर मी डोळे झाकून पहिली घेईन.

आता तास. थेट सोळावर उडी मारू नका. वहीच्या आठवड्यानंतरचा पहिला आठवडा बारा तास: रात्री आठला बंद, सकाळी आठला सुरू. सोपं वाटेल, पण जे रात्री अकरापर्यंत चरत असतात त्यांचं निम्मं काम इथेच होतं. पुढच्या आठवड्यात तेरा, मग चौदा. चौदावर निदान पंधरा दिवस थांबा. वजन उतरत असेल, झोप नीट असेल, चिडचिड नसेल, तर आणखी ताणायचं कारणच नाही. मी बराच काळ चौदा-दहावरच आहे. सोळा करून बघितलं. जमलं, पण दुपारपर्यंत डोक्यात जेवणाशिवाय दुसरा विषय नसायचा, आणि असं जगायचं नव्हतं मला.

बाकीच्या पद्धतींबद्दल थोडक्यात. ५:२ मध्ये आठवड्यातले दोन दिवस साधारण ५०० ते ६०० कॅलरी आणि उरलेले पाच दिवस नेहमीसारखं. ज्यांना रोजचं बंधन नको त्यांना हे बरं पडतं. एक दिवसाआड उपवास ऐकायला दमदार वाटतो, पण शिकागोतल्या वर्षभराच्या प्रयोगात, २०१७ मध्ये त्याचे निकाल आले, रोज थोडं कमी खाणाऱ्यांपेक्षा त्यात जास्त लोक मध्येच गळले, आणि टिकलेल्यांचं वजनही काही वेगळं उतरलं नाही. दिवसातून एकदाच जेवण, म्हणजे ओमॅड, मी कुणालाच सुचवणार नाही. एका जेवणात दिवसभराची प्रथिनं बसवणं जिकिरीचं आहे, आणि त्या एका जेवणावर माणूस ज्या तऱ्हेने तुटून पडतो ते बघण्यासारखं नसतं.

शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी घड्याळातली वेळ न धरता आपल्या झोपेपासून मोजावं. झोपण्याआधी तीन तास बंद, उठल्यावर दोन-तीन तासांनी सुरू. शिफ्ट बदलली की विंडो सरकवायची, दंड म्हणून उपवास लांबवायचा नाही.

पहिले पंधरा दिवस अंगावर काय येतं

भूक लाटेसारखी येते आणि ओसरते, हे सगळे सांगतात; का ओसरते ते कमी जण सांगतात. भुकेचा इशारा देणारं घ्रेलिन हे संप्रेरक तुमच्या जेवणाच्या ठरलेल्या वेळांना वाढतं. शरीराला सवय असते की नऊला खाणं येतं, म्हणून पावणेनऊला पोटात कावळे ओरडायला लागतात. त्या वेळी खाल्लं नाही तरी घ्रेलिन थोड्या वेळाने आपोआप उतरतं. म्हणजे नऊला लागलेली भूक बारापर्यंत तिप्पट होत नाही. साधारण दोन आठवड्यांत शरीर नव्या वेळा शिकतं आणि कावळे नव्या वेळेला ओरडतात. तोवरचे दिवस निभवायचे असतात. मला त्या काळात हात कामात गुंतलेले असणं सगळ्यात उपयोगी पडलं. मोकळं बसलं की भूक मोठी वाटते.

डोकेदुखीची नेहमीची कारणं तीन. पहिलं, रोजच्या वेळेला कॅफीन मिळालं नाही. दुसरं, पाणी कमी पडलं. आपण बरंचसं पाणी अन्नातून घेतो हे लक्षातच येत नाही. तिसरं, मीठ. इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं जास्त सोडियम बाहेर टाकतात, त्याबरोबर पाणीही जातं. उठताना गरगरत असेल तर ग्लासभर पाण्यात चिमूटभर मीठ घालून प्या. रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितलेलं असेल तर मात्र हा उपाय तुमचा नाही.

बद्धकोष्ठ होतं, कारण खाण्याचं प्रमाण घटलं की चोथाही घटतो. हातपाय गार पडतात. तोंडाला वास येतो. पहिल्या आठवड्यात झोप मोडते. यातलं बहुतेक सगळं जातं. ज्याकडे दुर्लक्ष करू नये ते म्हणजे चक्कर, छातीत धडधड, थरथर आणि घाम. असं झालं तर तिथेच काहीतरी खा. उपवास मोडला म्हणून काहीही बिघडत नाही.

आता तो सनातन प्रश्न: चहा चालतो का? साधं पाणी, बिनदुधाचा बिनसाखरेचा चहा, काळी कॉफी एवढं निर्धास्त चालतं. दूध-साखरेचा चहा हा खाण्यातच धरायचा. दोन चमचे साखर आणि थोडं दूध यांनी जगबुडी होत नाही, पण असे तीन-चार कप सकाळपासून पोटात गेले की त्याला उपवास म्हणायचं कशाला? चहाशिवाय डोळेच उघडत नसतील तर विंडो चहाच्या वेळेपासून सुरू करा आणि संध्याकाळी तेवढी लवकर बंद करा. हे रडत कोरा चहा पिण्यापेक्षा कितीतरी टिकाऊ आहे. ज्यांना पित्ताचा त्रास आहे त्यांनी रिकाम्या पोटी काळी कॉफी टाळावी. आणि भूक मारायला कॉफीवर कॉफी नको. निरोगी प्रौढ माणसाला दिवसाला ४०० मिलीग्रॅमपर्यंत कॅफीन ठीक मानतात, म्हणजे घरगुती कपाने साधारण चार कप, आणि दुपारनंतर घेतलेलं झोपेला नडतं.

विंडो उघडल्यावर

इथे बहुतेकांचं गणित फसतं. चौदा तास काढलेत, आता हक्क आहे, या भावनेने पहिल्या वीस मिनिटांत जे समोर येईल ते आत जातं. यावर माझा उपाय अगदी रुक्ष आहे: उपवास कशाने सोडायचा ते आदल्या रात्री ठरलेलं आणि शक्यतो तयार असलेलं हवं. भुकेल्या माणसाला निवड करायला लावू नये.

त्या पहिल्या ताटात प्रथिनं आणि भाजी आधी, धान्य नंतर, गोड सगळ्यात शेवटी किंवा नाहीच. अंडी, दही, कडधान्यं, मासे, चिकन, टोफू यांपैकी जे तुम्ही खाता ते. गोडाने किंवा नुसत्या फळांच्या रसाने उपवास सोडला की साखर झपकन वर जाते, तितक्याच झपकन उतरते, आणि दीड तासात पुन्हा भूक.

प्रथिनांचं माप सांगून ठेवते, कारण 'भरपूर प्रथिनं खा' याला काही अर्थ नसतो. वजन उतरवताना स्नायू टिकवायचे तर दर किलो वजनामागे १.२ ते १.६ ग्रॅम धरा. ७० किलोच्या माणसाला ८४ ते ११२ ग्रॅम झाले. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, शिजवलेल्या मसुराच्या १०० ग्रॅममध्ये ९ च्या आसपास, शिजवलेल्या चिकनच्या १०० ग्रॅममध्ये ३० च्या जवळपास. मांडून बघितलंत तर कळेल की दोन जेवणांत हे बसवायला मुद्दाम लक्ष द्यावं लागतं, विशेषतः शाकाहारी असाल तर. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे माप डॉक्टरांकडून घ्या.

विंडोत दोन पूर्ण जेवणं आणि हवं तर मध्ये एक छोटं खाणं. विंडो उघडी आहे म्हणून सतत चरायचं नाही. हे विसरलं की आठ तासांची अखंड मेजवानी होते, आणि महिन्याने माणूस म्हणतो, 'फास्टिंग मला लागू पडत नाही.'

स्नायू राखायचे तर

मघाच्या २०२० च्या प्रयोगात एक काळजीची गोष्ट होती. फास्टिंग गटातल्या ज्या लोकांची सविस्तर मोजणी झाली, त्यांच्या उतरलेल्या वजनात चरबीशिवायच्या भागाचा वाटा बराच मोठा निघाला. काटा उतरला, पण जायला नको ते जास्त गेलं. म्हणून आठवड्यातून दोनदा तरी ताकदीचा व्यायाम हवा. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला किंवा जमिनीवर दंड, पाठीला ताण देणारं काहीतरी, आणि जमेल तसं वजन वाढवत नेणं. जिम लागतेच असं नाही. चालणं रिकाम्या पोटी चांगलं होतं. जड व्यायाम मात्र मी विंडोच्या आत, जेवणाच्या जवळपास ठेवते. रिकाम्या पोटी व्यायामाने चरबी जास्त जाते म्हणून कुणी गरगरत वजनं उचलू नयेत. दिवसाचा हिशेब शेवटी तोच राहतो.

काटा कसा वाचायचा

पहिल्या आठवड्यात वजन दणकन उतरतं आणि माणूस खूश होतो. ते बहुतेक पाणी असतं. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठलेलं असतं. साठा उतरला की तेही जातं, आणि एका भरपेट जेवणाने परत येतं. चरबीचं गणित संथ आहे. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. रोज ५०० कमी खाल्ल्या तरी पंधरा दिवसांत एका किलोच्या आसपास. यापेक्षा फार वेगाने, म्हणजे आठवड्याला दीड किलोहून जास्त, सतत उतरत असेल तर खूश होऊ नका. अशा घाईत पित्ताशयात खडे व्हायची शक्यता वाढते.

रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि आकडा लिहून विसरून जा. बघायची ती फक्त आठवड्याची सरासरी, आणि तुलना मागच्या आठवड्याच्या सरासरीशी. रोजचा आकडा मिठाने, झोपेने, कालच्या उशिरा जेवणाने किलोभर इकडेतिकडे होतो. बायकांनी तर या आठवड्याची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करावी. पाळीच्या आधी माझं वजन हमखास चढतं आणि पाळी सुरू झाली की उतरतं. हे माहीत नसताना त्या चार दिवसांत अनेकजणी सगळंच सोडून देतात. रोजच्या आकड्याने दिवस खराब होत असेल तर काटा माळ्यावर टाका आणि दर दोन आठवड्यांनी बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा.

वजन अडकलं तर? तीन-चार आठवडे सरासरी हललीच नाही, तरच ते अडकलं म्हणायचं. मग तास वाढवण्याआधी वही पुन्हा उघडा आणि फक्त एक आठवडा वेळा लिहा. बहुतेक वेळा विंडो हळूच रुंदावलेली सापडते: इथे पंधरा मिनिटं, तिथे एक घास. तसं नसेल तर शनिवार-रविवार बघा. आणि दोन्ही ठीक असेल तर शरीर हलकं झाल्यामुळे त्याची गरजच घटली आहे. ताटातलं धान्य थोडं कमी करा, चालणं वाढवा.

समारंभ, प्रवास, पाहुणे येणारच. त्या दिवशी सगळ्यांबरोबर जेवा आणि दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळेला पुन्हा सुरू करा. भरपाई म्हणून वीस-बावीस तासांचा उपवास लावू नका. जास्त खाणं, मग शिक्षा, मग आणखी जास्त खाणं, हे चक्र इथूनच सुरू होतं. आजारपणात, तापात, जुलाब-उलट्यांत उपवास पूर्ण बंद.

कधी सोडून द्यायचं

पाळी अनियमित झाली किंवा थांबली. केस भसाभस गळायला लागले. विंडो उघडायच्या आधी डोक्यात फक्त खाण्याचे विचार आणि उघडल्यावर आवरता न येणारं खाणं. घरच्यांबरोबर जेवायला बसणं टाळायला लागलात. यातलं एक जरी दिसलं तरी थांबा, आणि पहिल्या दोन्हींसाठी डॉक्टरांना दाखवा.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या परिषदेत मांडलेल्या एका पाहणीने बरीच खळबळ उडवली होती. आठ तासांहून कमी वेळात खाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यूचा धोका १२ ते १६ तासांत खाणाऱ्यांपेक्षा ९१ टक्के जास्त दिसला. आकडा भीतीदायक आहे, पण लोकांनी दोन दिवसांचं खाणं आठवून सांगितलं त्यावर ती विंडो ठरवलेली होती. ते लोक वजन उतरवायला तसं खात होते, की आजारपणामुळे, एकटेपणामुळे, कामाच्या रगाड्यामुळे जेवणच होत नव्हतं, हे त्यातून कळत नाही. यावरून उपवासाने हृदय बिघडतं असं म्हणता येत नाही. पण विंडो आठाच्या खाली नेण्याचा काही जास्तीचा फायदा दिसत नसताना ती नेऊ नये, एवढं मी त्यातून घेतलं.

वजन हवं तिथे आल्यावर एका दिवसात सगळं सोडू नका. दर आठवड्याला एक तास विंडो वाढवत बारा तासांवर या. सकाळची वेळ हवी तेवढी मागे न्या, नाश्ता परत सुरू करा. संध्याकाळची बंद व्हायची वेळ मात्र तिथेच ठेवा. आठवड्याची सरासरी बघणं चालू ठेवा, आणि ती ठरवलेल्या वजनाच्या दोन किलो वर गेली की पुन्हा चौदा तासांवर जा.